क्लेमॅटिसची छाटणी आणि आपली अहिंसा



फेब्रुवारी आला की इथे इंग्लंडमध्ये आपल्या बायकांत एक प्रश्न हमखास निघतो: क्लेमॅटिसची वेल कापायची की नाही? वरवर हा बागेचा प्रश्न वाटतो, पण तेवढाच नसतो. "वनस्पती म्हणजे एकेंद्रिय जीव. चांगली उभी असलेली वेल नुसती फुलं मोठी यावीत म्हणून कापायची, हे आपल्या धर्मात बसतं का?" असं कुणीतरी म्हणतं. मग निम्म्या जणी कात्री ठेवून देतात. उरलेल्या कापतात, पण मनात खंत ठेवून.

माझं मत आधीच सांगून टाकते. कारण असताना, योग्य वेळी आणि योग्य जागी केलेली छाटणी श्राविकेच्या अहिंसेला बाध आणत नाही. बाध आणणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि त्यांच्याकडे आपलं लक्ष जात नाही. आपण कात्रीवर वाद घालतो, आणि त्याच वेलीच्या मुळाशी हाडांचा चुरा घालतो, तिच्याभोवती गोगलगायी मारायच्या गोळ्या पसरतो.

ज्यांनी ही वेल पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर झुडपांवर पांढरट फुलांनी पसरणारी मोरवेल याच कुळातली. इंग्लंडमधल्या घरांच्या भिंतींवर दिसणारी मोठ्या फुलांची क्लेमॅटिस मात्र माणसाने संकर करून तयार केलेली आहे. प्रसिद्ध जांभळी 'जॅकमनी' सरे परगण्यातल्या वोकिंग इथल्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ मध्ये केलेल्या संकरातून आली. प्रत्येक पाकळीवर गडद पट्टा असलेली गुलाबी 'नेली मोझर' फ्रान्समधली, १८९७ ची. तळहाताएवढ्या फुलाच्या ज्या पाकळ्या आपण म्हणतो ती खरं तर निदलं असतात. ही वेल पानांचे देठ आधाराभोवती गुंडाळून वर चढते, म्हणून तिला जाड खांब चालत नाही, बारीक तार किंवा जाळी लागते. थोडक्यात, ही रानात आपोआप उगवलेली वेल नाही. माणसाने घडवली, आपण विकत आणली, आपल्या भिंतीशी लावली. ती आपल्या आश्रयाला आहे, हे पुढच्या सगळ्या विचारात लक्षात ठेवायचं.

शास्त्र काय सांगतं

हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो आहोत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. घर चालवताना, शेती-व्यापार करताना होणारी हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही, ती कमीत कमी ठेवायची असते. त्रस जीवांना जाणूनबुजून मारायचं नाही आणि स्थावर जीवांचा विनाकारण घात करायचा नाही, ही अणुव्रताची मर्यादा. मुनींचं महाव्रत वेगळं. घरातल्या कुणा ज्येष्ठांनी आरंभत्याग प्रतिमा घेतली असेल, तर त्यांच्या हातात कात्री द्यायचा प्रश्नच येत नाही. हा लेख तुमच्या-माझ्यासारख्या, रोज भाजी चिरणाऱ्या बायकांसाठी आहे.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर भर आहे. नुसता प्राणघात एवढंच पाहायचं नाही, त्यामागे बेफिकिरी किंवा कषाय होता का तेही पाहायचं. म्हणूनच शेतकरी आणि कोळी यांचा दृष्टांत देतात. नांगरताना शेतकऱ्याच्या हातून जीव मरतात, पण त्याचा संकल्प धान्याचा असतो. कोळ्याच्या जाळ्यात दिवसभर काही लागलं नाही तरी त्याचा संकल्प मारण्याचाच असतो. आणि भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषि हे जे सहा उद्योग शिकवले, त्यांत कृषी आहेच.

मिरज, तासगाव भागातल्या आपल्या शेतकरी घरांतून आलेल्या मैत्रिणींना तर हे सांगायलाच नको. द्राक्षाची एप्रिलमधली खरड छाटणी त्यांनी लहानपणापासून पाहिली आहे. हिरवागार मांडव चार दिवसांत बोडका होतो. नवख्या माणसाला वाटतं, बाग संपली. पण त्या छाटणीशिवाय पुढच्या हंगामाची काडी तयार होत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. द्राक्ष हे पोटापाण्याचं साधन आहे, क्लेमॅटिस नुसत्या शोभेसाठी. उपजीविकेसाठी जे चालतं ते हौसेसाठी कसं चालेल? अनर्थदंडविरती व्रतात विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं यांना प्रमादचर्या म्हटलं आहे. मग ही छाटणी त्यात येत नाही का?

येऊ शकते. जाता-येता फांदी मोडणं, हात शिवशिवतोय म्हणून कापणं, शेजारणीची वेल आपल्यापेक्षा उंच गेली म्हणून आपली ओरबाडणं, हे सगळं त्यात येतं. पण लावलेल्या वेलीची निगा त्यात येत नाही. हौसेचा हिशोब वेल विकत घेताना करायचा. एकदा ती दारात लावली की ती हौस राहत नाही, जबाबदारी होते.

मंदिरांच्या भिंतींवर षट्‌लेश्येचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जांभळाच्या झाडाखाली सहा भुकेले. एक मुळापासून तोडू पाहतो, दुसरा मोठी फांदी, तिसरा डहाळी, चौथा घोस, पाचवा फक्त पिकलेली फळं घेतो आणि सहावा खाली पडलेली उचलतो. वरून पाहिलं तर जमिनीलगत क्लेमॅटिस छाटणारी बाई पहिल्या माणसासारखी दिसेल. पण लेश्या कुऱ्हाडीत नसते, भावात असते. त्या माणसाला झाडाचं पुढे काय होईल याची पर्वा नाही. छाटणारीला पुढचंच दिसत असतं.

छाटणी कशी, कुठे, कधी

भाव शुद्ध असून भागत नाही, माहितीही हवी. अज्ञानाने चुकीच्या वेळी कापलं तर वेलीला घाव बसतो आणि वर्षभर फुलंही येत नाहीत. तो घाव खरोखर व्यर्थ.

मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसचे छाटणीच्या दृष्टीने दोन गट आहेत. रोपाच्या चिठ्ठीवर गट क्रमांक दोन किंवा तीन लिहिलेला असतो. चिठ्ठी हरवली असेल तर एक वर्ष न कापता नुसतं पाहा. मे-जूनमध्ये, गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर फुलं आली तर दुसरा गट. जुलैच्या सुमारास, त्याच वर्षी वाढलेल्या नव्या फुटव्यांवर आली तर तिसरा.

दुसऱ्या गटात 'नेली मोझर', 'द प्रेसिडेंट' या जाती येतात. यांना फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला फक्त हलका हात लावायचा. एकेका काडीच्या शेंड्यापासून खाली येत जा. वाळलेला, बारीक, निर्जीव भाग सोडून पहिली टपोरी डोळ्यांची जोडी दिसली की तिच्या वर काप घ्या. क्लेमॅटिसचे डोळे समोरासमोर असतात, त्यामुळे काप गुलाबासारखा तिरका नको, सरळ हवा. जूनमध्ये पहिला बहर संपला की सुकलेली फुलं खालच्या जोमदार डोळ्यापर्यंत काढा. बहुतेक वेळा उन्हाळ्याच्या शेवटी थोडी फुलं पुन्हा येतात. यांना जमिनीलगत छाटलंत तर वेल मरणार नाही, पण मे-जूनचा बहर गेला.

तिसऱ्या गटात 'जॅकमनी', 'व्हिल द लियाँ'. यांची खरी खरड छाटणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या काड्या जमिनीपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर, जोमदार डोळ्यांच्या जोडीच्या वर कापायच्या. नाही कापल्या तर दर वर्षी वाढ मागच्या शेंड्यापासून सुरू होते. खाली नुसत्या उघड्या काड्यांचा गुंता, फुलं छपराजवळ, आणि वाऱ्यात काड्या मोडतात.

नवीन लावलेली वेल, गट कोणताही असो, पहिल्या वसंतात साधारण ३० सेंटिमीटरवर छाटली की बुडातून अनेक फुटवे येतात. लावताना ती कुंडीतल्यापेक्षा पाच-सात सेंटिमीटर खोल लावा. या मोठ्या फुलांच्या जातींना एक बुरशीजन्य रोग होतो, त्यात ऐन बहरात उभ्या काड्या अचानक मान टाकून काळ्या पडतात. तेव्हा रोगट काडी निरोगी भागापर्यंत, वेळ पडली तर जमिनीपर्यंत कापावी लागते. खोल लावलेली असेल तर मातीखालच्या डोळ्यांतून ती बहुधा पुन्हा फुटते. तिथे न कापणं ही दया नव्हे.

कात्री धारदार ठेवा आणि स्पिरिटने पुसून घ्या. चेंगरलेली काडी सडते. हातमोजे घाला, या वेलीचा रस काहींच्या त्वचेला झोंबतो. कापण्याआधी गुंत्यात नीट पाहा. वाळल्या पानांत ढालकिडे थंडीभर झोपलेले असतात. मार्चपासून पक्षी घरटी करतात, आणि वापरात असलेलं घरटं मोडणं इथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यानेही गुन्हा आहे. म्हणून छाटणी फेब्रुवारीत उरकलेली बरी. कापलेल्या काड्या जाळू नका, तुकडे करून बागेच्या कोपऱ्यात रचा. त्यात कितीतरी जीव आसरा घेतात.

आता एक गोष्ट जी मला फार समाधान देते. या वेलीची मुख्य छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, हलकी छाटणी जूनमध्ये. म्हणजे एरवीचं सगळं काम बहुधा चातुर्मास सुरू होण्याआधी संपतं. चातुर्मासात हिरवं तोडायचं नाही असा ज्यांचा नियम आहे, त्यांना तो मोडावा लागत नाही. राहिली रोगट काडी, ती औषधोपचारात धरावी. आणि अष्टमी-चतुर्दशी असेल तर छाटणी एक दिवस पुढे ढकला. वेलीचं काही बिघडत नाही.

खरी हिंसा कुठे लपली आहे

बिस्किटाच्या पुड्यावर जिलेटिन आहे का, चटणीत लसूण आहे का, हे आपण चष्मा लावून वाचतो. खताच्या पिशवीवरचं किती जणी वाचतात?

इथल्या बागकामाच्या पुस्तकांत क्लेमॅटिस लावताना खड्ड्यात मूठभर बोनमील घाला, असा सल्ला सर्रास असतो. बोनमील म्हणजे जनावरांच्या हाडांचा चुरा. 'फिश, ब्लड अँड बोन' नावाचं खत मिळतं, नावातच मासे, रक्त आणि हाडं आहेत. कुंडीतल्या क्लेमॅटिससाठी 'जॉन इनिस नंबर तीन' ही माती सुचवतात. तिच्या मूळ सूत्रात खूर आणि शिंगांची पूड असते. कत्तलखान्यातून आलेली वस्तू विकत घेऊन आपण वेलीला घालायची आणि कात्री धरताना मात्र हात थरथरू द्यायचा, यात मला धर्म दिसत नाही.

पर्याय भरपूर आहेत. घरचं कंपोस्ट, कुजलेल्या पानांची माती, समुद्री शैवालाचं द्रवखत, आणि पालाश जास्त असलेलं टोमॅटोचं खत. यातही घटक वाचून, हाडं-रक्त नसलेलंच घ्यायचं. वनस्पतिजन्य, व्हीगन असं लिहिलेली कुंडीची मातीही मिळते. वसंतात बुडाशी पाच-सात सेंटिमीटर कंपोस्टचा थर द्या, खोडाला चिकटू देऊ नका. कळ्या दिसेपर्यंत पंधरवड्यातून एकदा द्रवखत पुरतं.

दुसरी गोष्ट गोगलगायींची. क्लेमॅटिसचे कोवळे फुटवे शंखाच्या आणि बिनशंखाच्या दोन्ही गोगलगायींना फार आवडतात. एका रात्रीत पूर्ण फुटवा फस्त. मग दुकानातून गोळ्या येतात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांवर ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून बंदी आहे, कारण त्या पक्ष्यांना आणि साळूसारख्या दिसणाऱ्या इथल्या हेजहॉगला घातक होत्या. आता फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या मिळतात आणि त्यांना 'जैविक बागेसाठी योग्य' म्हणतात. त्या खाल्ल्यावर गोगलगाय खाणं सोडते, मातीत शिरते आणि तिथेच मरते. मेलेली दिसत नाही, म्हणून आपल्याला चुटपुट लागत नाही. मातीत सोडायच्या सूक्ष्म सूत्रकृमींचंही तेच, ते तिला आतून मारतात. जैविक म्हणजे अहिंसक नव्हे, एवढं आपण स्पष्ट समजून घेतलं पाहिजे. गोगलगाय शंखाच्या जातीची, म्हणजे द्वींद्रिय, त्रस जीव. तिला मारायच्या हेतूने गोळी टाकणं ही सरळ संकल्पी हिंसा आहे. आरंभी हिंसेच्या नावाखाली ती खपवता येणार नाही.

इथली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीसुद्धा २०२२ पासून गोगलगायींना 'उपद्रवी' म्हणत नाही. ब्रिटनमधल्या बिनशंखी गोगलगायींच्या ४४ जातींपैकी फक्त ९ बागेतली रोपं खातात, असं ती सांगते. बाकीच्या कुजलेलं खाऊन माती सुधारतात. ज्यांच्याकडे अणुव्रत नाही ते इथवर आले, मग आपण मागे का?

न मारता करता येण्यासारखं पुष्कळ आहे. फुटवा वीतभर होईपर्यंत त्याच्याभोवती प्लॅस्टिकच्या बाटलीचा कापलेला गोल ठेवा. कुंडीला तांब्याची पट्टी लावून पाहा. पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्या, म्हणजे रात्री माती ओली राहून गोगलगायींना बोलावणार नाही. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा, पानावर उचलून कंपोस्टच्या ढिगाकडे सोडा. चिमट्यासारखी शेपटी असलेला इअरविग किडा पाकळ्या कुरतडतो. त्याच्यासाठी काठीवर गवत भरलेली कुंडी उपडी ठेवतात. दिवसा तो त्यात लपतो, मग कुंडी उचलून लांब नेऊन झाडायची. आणि चार पाकळ्यांना भोकं पडली तर पडू द्यावीत. फूल प्रदर्शनात मांडायचं नाही.

पावसाचं पाणी पिंपात साठवत असाल तर घट्ट झाकण आणि वर बारीक जाळी हवीच. उघड्या पिंपात डासांच्या अळ्या होतात आणि आपण तेच पाणी भसाभस ओततो. प्यायचं पाणी गाळून घेणाऱ्या घरात हे शोभत नाही.

न कापणं म्हणजे दया नव्हे

शेवटचा मुद्दा दुर्लक्षाचा. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध आहे, म्हणजे आश्रिताचं खाणंपिणं रोखणं. शास्त्रात तो पशूंच्या आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसांच्या संदर्भात येतो. वेलीपर्यंत तो मी माझ्या समजुतीने आणते आहे. पण कुंडीतली वेल पाण्यासाठी दुसरीकडे जाऊ शकत नाही. क्लेमॅटिसला मुळाशी गारवा लागतो. बुडाशी सपाट दगड किंवा छोटी झुडपं ठेवून सावली करायची, कोरड्या दिवसांत पाणी खोलवर द्यायचं. दर वसंतात पाच नवी रोपं आणायची, भारतात सहा आठवडे जायचं, आणि परत आल्यावर वाळलेली टाकून द्यायची, ही कात्रीपेक्षा मोठी हिंसा आहे. आणि ती करणारीला आपण काही कापलं नाही याचं समाधान असतं.

म्हणून व्रताचा विचार रोपवाटिकेतच करा. जेवढ्या वेलींना पाणी घालू शकता तेवढ्याच घ्या. परिग्रहपरिमाण फक्त दागिन्यांना आणि साड्यांना नाही.

आणि एवढं सगळं वाचूनही कुणाचं मन कापायला तयार होत नसेल, तर मनावर जबरदस्ती करू नका. तुमच्यासाठी पहिला गट आहे: 'माँटाना' आणि 'अल्पिना'. फुलं लहान, पण शेकड्याने, आणि या वेली वर्षानुवर्षं छाटल्या नाहीत तरी फुलतात. माँटाना घर झाकून टाकेल एवढी पसरते, तिला तेवढी जागा मात्र द्या. मोठ्या फुलाचा मोह सोडला की कात्रीही सुटते.

ज्यांच्या दारात मोठ्या फुलांची वेल आधीच आहे, त्यांनी फेब्रुवारीत दोन कामं करावीत. आधी शेडमध्ये जाऊन खताच्या आणि गोळ्यांच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचावीत आणि न चालणारं काढून टाकावं. मग कात्री घ्यावी.

जय जिनेंद्र.